पोराबद्दल शंका आली तर: पोलीस स्टेशन की मुलांची हेल्पलाइन १०९८?

चोपड्याकडे ट्यूशन घेतो मी, नववीतलं एक पोरगं अचानक गप्प झालं, जुने दोस्त सोडले, रात्रभर कोणत्यातरी ग्रुपवर, अन् वहीच्या मागच्या पानावर एकच घोषणा पन्नासवेळा लिहिलेली. एखाद्या अतिरेकी गटाच्या नादी लागलंय की काय, अशी शंका आली. सांगायचं कोणाला?

पोलीस स्टेशनला गेलो तर काम लवकर हलतं, धोका अगदी समोर असेल तर तातडीच्या मदतीचा ११२ नंबरच बरा. पण गावात पोलीस स्टेशनची पायरी चढलेला माणूस संध्याकाळी ओट्यावरच्या गप्पांमध्ये येतोच ना भाऊ. मागे एका दुसऱ्याच भानगडीत माझं नाव हवालदाराने रजिस्टरमध्ये लिहिताना मोठ्याने वाचलं, बाकावर समोरच्याचा काका बसलेला!

१०९८ फुकट, २४ तास चालू, नाव गुप्त ठेवा असं सांगता येतं, अन् पुढे प्रकरण जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे जाऊ शकतं. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ९९ प्रमाणे समितीपुढचे मुलाचे रिपोर्ट गोपनीय असतात. कलम ८३ मध्ये शिक्षा पोराला वापरणाऱ्या अतिरेकी गटाला आहे, पोराला नाही, हे आईबापांना सांगितलं की ते जरा मोकळे होतात.

पण खोट दोन्हीकडे आहे. पॉक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, चांगल्या हेतूने खबर देणाऱ्याला कायद्याचं स्पष्ट संरक्षण आहे, अतिरेकी गटाच्या शंकेची खबर देणाऱ्यासाठी तसं थेट कलम मला तरी सापडलं नाही. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ ची, पण ती साक्षीदारासाठी, नुसत्या शंकेसाठी नाही.

मी १०९८ लावला, तोही गावाबाहेर केळीच्या बागेत उभा राहून.