लिबयूयूआयडी: सी मध्ये वर्षभर वापरून झाल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो, वेळ असेल त्याने पुढे वाचा. लिनक्सवर सी मध्ये युनिक आयडी, म्हणजे दुसऱ्या कशाशीही न जुळणारा नंबर हवा असेल तर डोळे झाकून लिबयूयूआयडी घ्या, असे आयडी (यूयूआयडी) बनवणारी ही लायब्ररी. आयडी बनवायच्या कामात तिने वर्षभरात एकदाही कुरकुर केली नाही. डोक्याला ताप होतो तो आयडी बनल्यानंतर, म्हणजे तो कुठे ठेवायचा, कॉपी कसा करायचा, छापायचा कसा, इथे. आणि त्यातला बराचसा ताप लायब्ररीपेक्षा सी भाषेचाच आहे, पण भोगायचा आपल्यालाच.

आमचं काम कोल्ड स्टोरेजच्या तापमानाचं. नाशिकच्या बाजूला द्राक्षं-डाळिंबं ठेवतात ती कोल्ड स्टोरेज, प्रत्येक खोलीत सेन्सर, त्यांच्या डोक्यावर एक छोटा ३२ बिटचा एआरएम बोर्ड, त्यावर लिनक्स आणि आमचा सी मधला प्रोग्रॅम. नेट असेल तेव्हा रीडिंग सर्व्हरला जातं, नसेल तेव्हा बोर्डवरच्याच एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये पडून राहतं आणि नंतर सिंक होतं. आता नेट जाणं हे तिकडे रोजचंच, त्यामुळे सर्व्हरकडून एक-दोन-तीन असे नंबर मागून घ्यायची सोयच नाही, प्रत्येक बोर्डाने आपला नंबर आपणच काढायचा आणि तो दुसऱ्या कुठल्याही बोर्डाच्या नंबराशी जुळता कामा नये.

प्रोजेक्ट आमच्याकडे आला तेव्हा आधीच्या कोडमध्ये रँड (रँडम आकडे देणारं सी चं फंक्शन) वापरून आयडी बनवला होता आणि एसरँडला सीड म्हणून, म्हणजे त्या आकड्यांच्या रांगेची सुरुवात म्हणून, टाइम दिला होता. कॉलेजात सगळे हेच शिकतात म्हणा. पण टाइम मोजतं सेकंदात. एका कोल्ड स्टोरेजमधले सगळे बोर्ड एकाच लाईनवर, लाईट गेली की सगळे एकदम बंद, आली की सगळे एकदम चालू, वर या बोर्डांवर घड्याळाची बॅटरी नाही, मग दोन बोर्डांना तोच सीड मिळायला कितीसा वेळ लागणार. सीड एकच तर पुढची अख्खी रांग एकच. सर्व्हरवर एका खोलीची रीडिंग दुसऱ्या खोलीच्या रीडिंगवर चढत होती आणि मालकाला वाटत होतं की सेन्सर खराब आहेत.

लिबयूयूआयडी टाकायला सोपी. आधी ती ईटूएफएसप्रॉग्स या पॅकेजमध्ये होती, २००९ पासून यूटिल-लिनक्स या लिनक्सच्या नेहमीच्या टूल्सच्या पॅकेजमध्ये आहे, त्यामुळे लायब्ररी मशीनवर बहुतेक असतेच, फक्त कंपाइल करताना लागणारी हेडर फाइल नसते. उबुंटू-डेबियनवर यूयूआयडी-डेव्ह टाकायचं, फेडोराकडे तेच लिबयूयूआयडी-डेव्हल नावाने. लिंक करताना 'हायफन एल यूयूआयडी' हे सोर्स फाइलच्या नंतर लिहा. आधी लिहिलं तर उबुंटूवर अनडिफाइंड रेफरन्स येतो आणि नवीन पोरं लायब्ररी काढून परत टाकत बसतात. लायसन्स बीएसडी आहे, म्हणजे कंपनीच्या प्रॉडक्टमध्ये वापरायला अडचण नाही, हे मुद्दाम सांगतो कारण आमच्याकडे हाच प्रश्न सगळ्यात आधी आला होता.

जनरेट फंक्शनला कॉल केला की १६ बाइट भरून मिळतात, बस. आतून ती कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) गेटरँडम किंवा यूरँडमकडून रँडम बाइट घेते, म्हणजे सीडची भानगडच नाही. १६ बाइटच्या १२८ बिटांपैकी ६ बिट आयडीचा प्रकार सांगणाऱ्या व्हर्जन आणि व्हेरियंटला जातात, १२२ रँडम उरतात. १२२ बिट म्हणजे किती, तर दोन आयडी सारखे निघायची शक्यता निम्म्यावर यायला अडीच अब्ज अब्जांच्या वर आयडी बनवावे लागतील. जगातल्या सगळ्या द्राक्षांच्या प्रत्येक मण्याला सेन्सर लावला तरी आपण तिथे पोचत नाही.

आता खरा ताप. या लायब्ररीत यूयूआयडी_टी हा टाइप म्हणजे १६ अनसाइन्ड कॅरचा ॲरे आहे, स्ट्रक्ट नाही. नाव टाइपसारखं, वागणूक ॲरेची. बरोबरचं चिन्ह टाकून एक दुसऱ्यात कॉपी करता येत नाही, फंक्शनमधून रिटर्न करता येत नाही, ठीक आहे, इथे कंपायलर ओरडतो तरी. पण दोन आयडी डबल इक्वलने तपासले तर तुलना होते पत्त्यांची, आतल्या बाइटची नाही, आणि उत्तर बहुतेक वेळा 'वेगळे' असंच येतं. तुलनेसाठी कम्पेअर, कॉपीसाठी कॉपी अशी वेगळी फंक्शनं दिलेली आहेत, ती वापरायची सवय लागेपर्यंत महिना जातो.

पण सगळ्यात वाईट साइझऑफ, म्हणजे एखादी गोष्ट किती बाइटची ते सांगणारं. टीममधल्या एकाने एक फंक्शन लिहिलं, त्यात पॅरामीटर यूयूआयडी_टी, आणि आत मेमकॉपी करताना साइज म्हणून त्या पॅरामीटरचाच साइझऑफ दिला. वाचताना काहीच चुकीचं दिसत नाही. पण फंक्शनच्या पॅरामीटरमध्ये ॲरेचा पॉइंटर (नुसता पत्ता) होतो, मग साइझऑफ १६ येत नाही, पॉइंटरचा साइज येतो, ६४ बिटच्या लॅपटॉपवर ८ आणि आमच्या ३२ बिटच्या बोर्डावर ४. म्हणजे आयडीचे पहिले ४ बाइट खरे, बाकी १२ शून्य. आणि आमच्या लॉगमध्ये जागा वाचवायला प्रत्येक आयडीची पहिली आठ अक्षरंच छापत होतो, आठ हेक्स अक्षरं (दोन अक्षरांचा एक बाइट) म्हणजे बरोब्बर तेच ४ बाइट! लॉग बघितला की सगळं कसं छान. टेस्टमध्ये पण पास, कारण थोडे आयडी असताना ३२ बिट पुरतात. पण ३२ बिटमध्ये ७७ हजारच्या आसपास आयडी झाले की दोन सारखे निघायची शक्यता निम्म्यावर येते, आणि दर मिनिटाला रीडिंग घेणारे सेन्सर ७७ हजार गाठायला कितीसे दिवस घेणार. सर्व्हरवर आयडी पूर्ण छापल्यावर शेपटाला शून्यांची माळ दिसली तेव्हा कळलं.

त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे की उघडा यूयूआयडी_टी कुठेही फिरवायचा नाही, एका स्ट्रक्टमध्ये गुंडाळायचा. आत फक्त तो १६ बाइटचा ॲरे, दुसरं काही नाही. एवढं केलं की बरोबरच्या चिन्हाने कॉपी होते, रिटर्न करता येतो, साइझऑफ १६ च येतो, आणि डबल इक्वल टाकलं तर कंपायलर सरळ एरर देतो, जे आपल्याला हवंच आहे. सिस्टमडीच्या (लिनक्स बूट झाल्यावर बाकी सगळं चालू करणारा प्रोग्रॅम) लोकांनी त्यांच्या आयडी टाइपला पहिल्यापासून युनियन (स्ट्रक्टसारखाच वागणारा टाइप) केलंय आणि ते तो व्हॅल्यू म्हणून पास करतात, ते बघून जरा हेवा वाटतो. पण लिबयूयूआयडी जुनी आहे, आता टाइप बदलला तर जगातले अर्धे प्रोग्रॅम मोडतील, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरी भानगड म्हणजे काही लोक त्या १६ बाइटना स्ट्रिंग समजतात. स्ट्रिंग कॉपी करणारं फंक्शन शून्य बाइट दिसला की थांबतं, आणि रँडम आयडीत मध्ये कुठेतरी शून्य बाइट यायची शक्यता साधारण वीसात एक. ही वीसात एकच फार वाईट, रोज मोडलं असतं तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं. हे असं कधीतरी मोडणारं प्रकरण शोधताना माणूस नेटवर्कवर संशय घेतो, डेटाबेसवर घेतो, शेवटी स्वतःच्या नशिबावर घेतो.

टेक्स्टमध्ये बदलायला अनपार्स आहे. हायफन धरून ३६ अक्षरं, शेवटचा शून्य धरून ३७ बाइट लागतात. हे फंक्शन बफरचा साइज विचारतच नाही, ३६ चा बफर दिला तर एक बाइट शेजाऱ्याच्या जागेत जाऊन बसतो. नवीन हेडरमध्ये ३७ साठी मॅक्रो दिलाय, तोच वापरा, हाताने आकडा लिहू नका. उलट दिशेला पार्स आहे, ते जमलं तर शून्य देतं आणि नाही जमलं तर उणे एक. आणि रिकामा आयडी तपासणारं फंक्शन मात्र रिकामा असेल तर एक देतं. एकाच लायब्ररीत 'हो' म्हणायच्या दोन तऱ्हा. पार्स फार कडक आहे हेही सांगतो, बरोब्बर ३६ अक्षरं पाहिजेत, फाइलमधून एफगेट्सने ओळ वाचली आणि शेवटची न्यूलाइन काढायची राहिली की फेल, विंडोजवाल्यांनी महिरपी कंसात पाठवला तरी फेल. मला हा कडकपणा आवडला, पण एरर काय ते सांगत नाही, फक्त उणे एक.

कॅपिटल-स्मॉलचा घोळ तर खास. अनपार्सच्या मॅन पेजमध्ये (माहितीच्या पानात) स्पष्ट लिहिलंय की ए ते एफ ही अक्षरं कॅपिटल येतील की स्मॉल हे सिस्टमवर अवलंबून. लिनक्सवर स्मॉल येतात, मॅकवर कॅपिटल. आमच्यातला एक जण मॅकबुकवर काम करतो, त्याच्या मशीनवर बनवलेला टेस्ट डेटा सर्व्हरवर टेक्स्ट म्हणून गेला, सर्व्हर साधी स्ट्रिंग तुलना करत होता, आयडी तोच पण सापडेना. अनपार्स-लोअर नावाचं वेगळं फंक्शन आहे, ते दोन्हीकडे स्मॉलच देतं, साधं अनपार्स आम्ही कोडमधून हद्दपार केलंय.

एसक्यूलाइटमध्ये आधी टेक्स्ट म्हणूनच ठेवत होतो, नंतर १६ बाइटचा ब्लॉब, म्हणजे नुसते कच्चे बाइट, केला. आयडीची जागा निम्म्याहून कमी झाली आणि कॅपिटल-स्मॉलचा प्रश्नच संपला. तोटा एकच, शेलमध्ये टेबल उघडून बघितलं की कचरा दिसतो, सिलेक्टमध्ये हेक्स फंक्शन लावायला लागतं आणि ते कॅपिटलमध्ये, हायफन न देता छापतं. फोनवर साइटवरच्या माणसाला असा ३२ अक्षरांचा आयडी वाचून दाखवायला लागला की 'सर व्हॉट्सॲप करा ना' हेच उत्तर येतं, आणि बरोबरच आहे त्याचं.

टाइमवाला प्रकार, म्हणजे व्हर्जन १, आम्ही टाळला. त्यात १५ ऑक्टोबर १५८२ पासूनची वेळ १०० नॅनोसेकंदांच्या हिशोबात असते आणि सोबत मशीनचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा नंबर. १९९९ मधला मेलिसा व्हायरस आठवत असेल, त्याच्या वर्ड फाइलमधल्या आयडीत मॅक ॲड्रेस होता आणि लिहिणाऱ्याचा माग काढताना त्याचा उपयोग झाला होता. ग्राहकाच्या डेटात असा पत्ता कशाला सोडायचा.

बोर्डाची ओळख म्हणून मशीन-आयडी फाइल (लिनक्स त्या मशीनचा आयडी ठेवतं ती) वापरू असंही कोणीतरी सुचवलं होतं. करा, पण आमच्यासारखं एका एसडी कार्डची इमेज काढून सगळ्या कार्डांवर ओतत असाल तर ती फाइल इमेजमध्ये रिकामी ठेवा, नाहीतर सगळे बोर्ड एकाच नावाचे. रिकामी असेल तर सिस्टमडी पहिल्या बूटला नवीन भरतो.

विंडोजवर टेस्ट टूल पाहिजे होतं, तिथे ही लायब्ररी नाही. गंमत अशी की मिनजीडब्ल्यूमध्ये (विंडोजसाठीचा जीसीसी कंपायलर) 'हायफन एल यूयूआयडी' दिलं तर 'लायब्ररी सापडली नाही' असं ते म्हणतच नाही, कारण तिथे त्याच नावाची पण भलतीच लायब्ररी आहे, विंडोजच्या कॉम या यंत्रणेच्या जीयूआयडींची (यूयूआयडीचं विंडोजमधलं नाव). मग जनरेट मात्र सापडत नाही. तिकडे यूयूआयडीक्रिएट वापरायचं आणि आरपीसीआरटी४ लिंक करायची. शिवाय विंडोजच्या स्ट्रक्टमध्ये पहिले तीन भाग आकडे म्हणून ठेवलेले असतात, लिटल एंडियन (आकड्याचा लहान बाइट आधी ठेवणाऱ्या) मशीनवर त्यांचे बाइट उलटे बसतात, तो स्ट्रक्ट जसाच्या तसा मेमकॉपी करून लिनक्सला पाठवला तर पहिले आठ बाइट विस्कटतात. टेक्स्टमधून नेलं की नीट पोचतो.

सध्या आमचं मन व्हर्जन ७ वर बसलंय. मे २०२४ मध्ये यूयूआयडीचा नवीन आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ९५६२ आला, २००५ चा ४१२२ त्याने बाद केला, त्यात हा प्रकार आहे. पहिले ४८ बिट मिलिसेकंदातली वेळ, बाकी जवळपास सगळं रँडम. फायदा डेटाबेसला होतो. रँडम आयडी इंडेक्समध्ये कुठेही जाऊन पडतो, म्हणून प्रत्येक वेळी वेगळंच पान लिहायला लागतं आणि एसडी कार्डाला हेच नको असतं. ७ वाला आयडी वेळेच्या क्रमाने येतो म्हणून शेवटालाच लागतो. आमच्या बोर्डांवरच्या जुन्या लिबयूयूआयडीत तो नाही, म्हणून हाताने लिहिला. वेळेचे सहा बाइट मोठा आधी या क्रमाने, बाकी दहा गेटरँडममधून, मग सातव्या बाइटचा वरचा निम्मा भाग ७ करायचा आणि नवव्या बाइटचे वरचे दोन बिट १ आणि ०. वीस-पंचवीस ओळींचं काम. एकाच मिलिसेकंदात दोन आयडी बनले तर त्यांचा आपसातला क्रम लागत नाही, तो पाहिजे असेल तर मधल्या १२ बिटमध्ये काउंटर ठेवता येतो, आम्हाला गरज पडली नाही.

एक मात्र बघून घ्या. बॅटरी नसलेल्या घड्याळाचा बोर्ड लाईट येऊन एनटीपी (नेटवरून घड्याळ लावणं) लागेपर्यंत जुनीच वेळ धरून बसतो, त्या काळात बनलेले आयडी क्रमात मागे जातात. सारखे होत नाहीत, रँडम भाग आहेच, पण आयडीच्या क्रमावर रीडिंगचा क्रम लावत असाल तर आलेख उलटासुलटा निघेल. आम्ही रीडिंगची वेळ वेगळ्या कॉलममध्ये ठेवतो आणि सोबत एक झेंडा, घड्याळ लागलं होतं की नव्हतं याचा. यूटिल-लिनक्स २.४१ पासून व्हर्जन ६ आणि ७ लायब्ररीतच आलेत, तुमच्या मशीनवर ते असेल तर हाताने लिहायचा उद्योग करू नका, घड्याळाचं तेवढं तपासा.