विंडोज मागे नेण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक: संगणक दुकानात देण्यापूर्वी वाचावे

विंडोज ११ वरून विंडोज १० वर परत जाणे हे बहुतेक वेळा फुकटात होणारे काम आहे. विंडोज १० घेऊनच आलेला संगणक नुकताच अपग्रेड केलेला असेल, तर ते काम सेटिंग्जमधल्या एका बटणाने होते. याच कामासाठी जळगावातील एका दुकानाने आमच्याकडून लायसन्सचे, मजुरीचे, ‘डेटा रिकव्हरी’चे आणि एका बाहेरच्या हार्ड डिस्कचे मिळून पंधरा हजारांहून अधिक रुपये घेतले, आणि त्यातली मजुरी सोडली तर कशाचीही गरज नव्हती. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे आणि ही पद्धत काही एकाच दुकानापुरती मर्यादित नाही.

अमळनेरला आमचे टंकलेखन, झेरॉक्स आणि लग्नपत्रिकांचे छोटे दुकान आहे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत पत्रिकांचा मजकूर जुळवावा लागतो, आणि एरवी ग्रामपंचायतींचे ठराव, प्रतिज्ञापत्रे, वारसनोंदीचे अर्ज ही कामे चालतात. मजकूर टंकण्याचे आमचे मराठी सॉफ्टवेअर जुने आहे. ते यूएसबीला लावायच्या हार्डवेअर लॉकवर चालते, ज्याला आम्ही सगळे डोंगलच म्हणतो. विंडोज १० साठी मिळणाऱ्या मोफत सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार असे संगणकाच्या पडद्यावर वारंवार येत असल्यामुळे, लग्नसराई संपल्यावर, पावसाळ्यातल्या एका रविवारी आम्ही दुकानाचा लॅपटॉप विंडोज ११ वर नेला. अपग्रेड नीट झाले, मात्र डोंगलचा जुना ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला डोंगलची ओळख करून देणारे छोटे सॉफ्टवेअर, त्यावर चालेना, आणि सॉफ्टवेअर उघडताच ‘लॉक सापडले नाही’ असा संदेश येऊ लागला. हातातली कामे अडली, म्हणून बुधवारी लॅपटॉप जळगावला नेऊन दिला.

दुकानदाराला अपग्रेड रविवारी केल्याचे स्पष्ट सांगितले होते. तोंडीच नव्हे, तर त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवरही तसे लिहिले होते, आणि पुढे हा संदेशच सर्वांत उपयोगी पडला. त्याने लॅपटॉप उघडून पाहिला, मान हलवली आणि अकरावरून मागे जाता येत नाही, नवे ओरिजिनल लायसन्स घ्यावे लागेल, असे सांगितले. डेटाबद्दल विचारले तेव्हा अहिराणीत आश्वासन मिळाले : ‘फिकर नको करू भाऊ, डेटा कोठेच जास नही.’

यातले पहिले विधान खोटे होते. विंडोज १० वरून ११ वर अपग्रेड करताना जुनी प्रणाली पुसली जात नाही. ती सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये जपून ठेवली जाते. त्यानंतर १० दिवसांपर्यंत सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी या क्रमाने गेल्यास ‘गो बॅक’ हे बटण मिळते. ते दाबल्यावर संगणक जुन्या प्रणालीवर परततो, तुमच्या फाइली जागेवर राहतात, आणि फक्त अपग्रेडनंतर बसवलेली अ‍ॅप्स, ड्रायव्हर व बदललेली सेटिंग्ज तेवढी जातात. मुदत संपल्यावर तो फोल्डर आपोआप पुसला जातो आणि बटण निकामी होते. (मुदत संपण्याआधीच कमांड प्रॉम्प्टमधून ती ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, एकदा संपली की वाढवता येत नाही.) आम्ही लॅपटॉप दिला तेव्हा ही मुदत निम्मीही संपलेली नव्हती. दुकानदाराने डिस्क फॉरमॅट केल्याबरोबर, म्हणजे पूर्ण पुसल्याबरोबर, मात्र तो फोल्डर गेला, आणि फुकटचा रस्ता होता याचा पुरावाही त्याच्याबरोबर गेला.

पुढच्या रविवारी दुकानातून फोन आला की विंडोज १० बसवले आहे, परंतु बसवताना हार्ड डिस्क ‘करप्ट’ निघाल्यामुळे डेटा उडाला आहे. रिकव्हरी करता येईल, पण त्याचे सात हजार वेगळे पडतील, आणि काढलेला डेटा ठेवायला नवी हार्ड डिस्कही घ्यावी लागेल. कानबाईचा सण जवळ आलेला, तीन ग्रामपंचायतींची कामे अडकलेली आणि वर्षानुवर्षांचा मजकूर त्या लॅपटॉपमध्ये, अशा वेळी माणूस घासाघीस फार करत नाही, हे असे बोलणाऱ्याला ठाऊक असते. पैसे दिले. लॅपटॉप आणि हार्ड डिस्क दोन्ही परत आले, सगळे फोल्डर जसेच्या तसे होते, डोंगलही चालू लागले होते.

संशय आला तो धुळ्याला अभियांत्रिकी शिकणाऱ्या भाचीला. सणासाठी ती घरी आली असता तिने लॅपटॉप उघडला आणि विचारले की यावर ‘प्रो’ आवृत्ती कशी काय आली. आमच्या लॅपटॉपबरोबर आलेली विंडोज ‘होम सिंगल लँग्वेज’ होती, जी आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या साध्या लॅपटॉपवर सर्रास असते. अशा लॅपटॉपची लायसन्स की, म्हणजे लायसन्सचा अक्षर-अंकांचा क्रमांक, मदरबोर्डमध्येच साठवलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या मूळ साधनाने विंडोज नव्याने बसवली, तर ती की आपोआप वाचली जाते, आवृत्तीही तीच निवडली जाते आणि इंटरनेट जोडताच प्रणाली सक्रिय होते. की टंकावी लागत नाही, विकत तर मुळीच घ्यावी लागत नाही. म्हणजे होमचा लॅपटॉप दुकानातून प्रो होऊन परत आला, तर त्याच्या हक्काचे लायसन्स बाजूला ठेवून दुसरेच काही बसवले आहे, एवढे नक्की.

ते काय आहे, हे कळायला दोन मिनिटे पुरतात. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीत एस-एल-एम-जी-आर ही पाच इंग्रजी अक्षरे, मग एक जागा सोडून पुढे झुकलेली तिरकी रेघ, आणि तिला लागून एक्स-पी-आर ही तीन अक्षरे टंकावीत. अस्सल लायसन्स असेल तर संगणक कायमस्वरूपी सक्रिय असल्याचा संदेश येतो. आमच्याकडे आला तो ‘व्हॉल्यूम अ‍ॅक्टिव्हेशन’ अमुक तारखेला संपेल, असा. मोठ्या कार्यालयांतील शेकडो संगणक एका सर्व्हरवरून सक्रिय करण्याची ही व्यवस्था असते आणि तिची मुदत १८० दिवसांची असते. बाजारातील क्रॅक, म्हणजे लायसन्सशिवाय विंडोज सक्रिय करणारी बेकायदा साधने, त्याच व्यवस्थेची नक्कल करतात. सेटिंग्जमधील अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावरही ‘डिजिटल लायसन्स’ऐवजी तुमच्या संस्थेच्या सेवेद्वारे सक्रिय केल्याचे लिहिलेले होते. आमची संस्था म्हणजे मी, माझा थोरला भाऊ आणि एक झेरॉक्स मशीन. साडेचार हजार रुपये घेऊन दिलेले ‘ओरिजिनल लायसन्स’ ते हेच. त्याहून वाईट म्हणजे हा क्रॅक पकडला जाऊ नये म्हणून विंडोज डिफेंडर या विंडोजमधल्याच व्हायरसरोधकाच्या सेटिंग्जमध्ये एक अख्खा फोल्डर तपासणीतून वगळून ठेवलेला होता. ज्या लॅपटॉपवरून लोकांचे ऑनलाइन अर्ज आणि फी भरली जाते, त्याच्या सुरक्षेत असे भगदाड पाडणे मला पैशांच्या फसवणुकीपेक्षा अधिक गंभीर वाटते.

रिकव्हरीचे खोटे उघडे पडले ते तारखांवरून. एखादी फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी केली की तिची ‘मॉडिफाइड’ तारीख जुनीच राहते, पण ‘क्रिएटेड’ तारीख कॉपी केल्या क्षणाची पडते. फाइलीवर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज उघडल्यास दोन्ही तारखा दिसतात. आम्हाला मिळालेल्या हार्ड डिस्कवरील फाइलींची क्रिएटेड तारीख गुरुवारची होती. लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ या पानावर विंडोज बसवल्याची तारीख असते. ती शनिवारची होती. शनिवारी ‘उडालेला’ डेटा गुरुवारीच नीट कॉपी करून ठेवलेला होता. शिवाय आमच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवण करणारी डिस्क, आहे, आणि आजकालच्या एसएसडीवर पुसलेल्या जागा आतून मोकळ्या करण्याची क्रिया आपोआप चालते, त्यामुळे फॉरमॅट करून त्यावर नवी विंडोज बसवल्यावर जुन्या फाइली नावांसह आणि फोल्डरांसह जशाच्या तशा परत मिळणे जवळपास अशक्य असते. जो कोणी एसएसडीवरून शंभर टक्के रिकव्हरी करून दिल्याचे सांगतो, त्याच्याकडे बहुधा आधीची कॉपी असते. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की लॅपटॉपमधली एसएसडी आणि रॅम बदललेली नव्हती. बॉक्सवरच्या आणि बिलावरच्या नोंदींशी आम्ही ती ताडून पाहिली.

या कॉपीचा दुसरा अर्थ मात्र अजून अस्वस्थ करतो. त्या फोल्डरांमध्ये गिऱ्हाइकांच्या आधार कार्डांच्या, सातबाऱ्यांच्या, बँक पासबुकांच्या स्कॅन केलेल्या प्रती होत्या. ज्याने गुरुवारी आम्हाला न विचारता सगळे उतरवून घेतले, त्याने स्वतःकडची प्रत पुसली की नाही, हे तपासण्याचा कोणताही मार्ग आमच्या हातात नाही. लॅपटॉप देताना त्याने लॉगिनचा पासवर्डही एका चिकटचिठ्ठीवर लिहून घेतला होता. तो आणि ब्राउझरमध्ये साठवलेले सर्व पासवर्ड आम्ही दुसऱ्या संगणकावरून बदलले, आणि सर्व ठिकाणी सुरू असलेली लॉगिन बंद केली.

पडद्याची छायाचित्रे छापून आम्ही दुकानात गेलो, तेव्हा ‘सगळेच असे टाकतात’ एवढेच उत्तर मिळाले. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि दुकानदाराला पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्टाने लेखी नोटीस पाठवली. नोटिशीत तिन्ही तारखा, बिलावरील ‘ओरिजिनल लायसन्स’ हे शब्द आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा आमचा संदेश यांचा उल्लेख होता. नोटीस मिळाल्यावर रिकव्हरीचे सात हजार यूपीआयने परत आले. लायसन्सचे आले नाहीत. उरलेल्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज केला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातही अर्ज करता येतो, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील नेमणे सक्तीचे नाही. अनेकांना हे माहीत नसते आणि दुकानदार त्याच भरवशावर असतात. बिल कच्चे असले तरी ते फाडून टाकू नये. आमचेही कच्चेच होते, पण त्यावर दुकानाचा शिक्का, तारीख आणि कामाचे वर्णन होते.

ज्यांना खरोखरच मागे जायचे आहे त्यांनी आधी ‘गो बॅक’ बटण आहे का ते पाहावे, आणि ते असो वा नसो, संगणक कोणाच्याही हाती देण्याआधी आपला डेटा स्वतःच्या डिस्कवर घ्यावा. मुदत उलटून गेली असेल तर नव्याने विंडोज बसवण्यावाचून गत्यंतर नसते. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील मीडिया क्रिएशन टूल आणि किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह पुरतो. पेनड्राइव्हमधले सर्व पुसले जाते, हे लक्षात असावे. बसवताना की विचारली तर ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय निवडावा. डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या सांकेतिक कुलपाने, बंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच लिहून ठेवावी. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते आणि दुकानदाराला ती देऊ नये. लॅपटॉप मुळातच विंडोज ११ होम घेऊन आला असेल, तर त्याला मागे जाण्याचे बटणही नसते आणि विंडोज १० चा हक्कही नसतो. तेथे कोणी स्वस्तात ‘१० टाकून देतो’ म्हणाला तर तो काय टाकणार आहे, हे वरच्या वर्णनावरून कळेल.

आमच्या लॅपटॉपवर भाचीने मूळ साधनाने विंडोज १० पुन्हा बसवली, आवृत्ती होम सिंगल लँग्वेज अशी आपोआप आली आणि एकदा वायफायला जोडताच ती सक्रिय झाली. १४ ऑक्टोबर २०२५ नंतरच्या सुरक्षा सुधारणा घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पण आम्ही तो संगणक इंटरनेटपासून तोडून फक्त डोंगलच्या कामासाठी ठेवला आहे. ऑनलाइन अर्ज दुसऱ्या संगणकावर भरतो, आणि लग्नपत्रिकांचा जुना मजकूर सवडीने युनिकोडमध्ये, म्हणजे डोंगलशिवाय कोणत्याही संगणकावर चालणाऱ्या लिपीसंकेतात, उतरवणे सुरू आहे.