नाशिकचं रिक्षातून पंचवटी दर्शन: घ्यावं की नाही?

पाचपैकी साडेतीन. घरात म्हातारी माणसं असतील तर डोळे झाकून घ्या, एकटे किंवा तरुण असाल तर चालत फिरा, कारण तपोवन सोडलं तर सगळं तसं जवळजवळच आहे आणि पंचवटीच्या त्या गल्ल्यांमध्ये रिक्षा अडकून पडण्यात जो वेळ जातो तेवढ्यात माणूस चालत पोचतो. आम्ही आईला घेऊन गेलो होतो, तिचे गुडघे म्हणजे आनंदच, म्हणून रिक्षा. रामकुंडाजवळ उभं राहिलं की दोन मिनिटांत कोणीतरी येतंच "पंचवटी दर्शन का, बसा ना भाऊ" म्हणत. भाव आधी ठरवा, आणि तपोवन त्यात धरलंय की नाही ते स्पष्ट विचारा. आम्ही विचारलं नाही अशातला भाग नाही, विचारलं होतं, रिक्षावाले दादा हो म्हणाले आणि काळारामापाशी आल्यावर "तपोवनाचे वेगळे पडतील" सुरू झालं. थोडी घासाघीस झाली, आई मधे पडली, मिटलं.

आता मुद्द्याचं. या फेरीत तुम्हाला रामाबद्दल नक्की काय मिळतं? कारण लोक तिथे नुसते दगड बघायला जात नाहीत, वनवासातला राम बघायला जातात ना, राजवाडा सोडलेला, झोपडीत राहणारा, साधा माणूस म्हणून जगणारा. आणि इथेच ही सर्व्हिस अर्धी चांगली अर्धी वाईट आहे.

सीतागुंफा आधी घेतात. लाईन मोठी, आत उतरायला पायऱ्या इतक्या अरुंद की वाकून, बसून, सरकत जावं लागतं, दम लागणाऱ्यांनी आणि बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी बाहेरच्या वडांपाशी थांबावं, आई तिथेच बसली. दादांनी सांगितलं की खर-दूषण चौदा हजार राक्षस घेऊन आले तेव्हा रामाने सीतेला इथे ठेवलं. ही गुंफा तीच का ते सोडा, पण प्रसंग वाल्मीकींकडे खरंच आहे, राम लक्ष्मणाला सांगतो की तू हिला घेऊन डोंगरातल्या गुहेत जा आणि स्वतः एकटा लढायला उभा राहतो. पण मला जे सांगावंसं वाटतं ते त्याच्याही आधीचं आहे आणि ते कोणताच रिक्षावाला सांगत नाही. दंडकारण्यात शिरताना सीता रामाला चक्क टोकते, की ज्यांनी आपलं काही वाकडं केलं नाही त्यांना मारायला शस्त्र घेऊन का निघालायस, आणि एका तपस्व्याची गोष्ट सांगते ज्याच्याकडे इंद्राने तलवार ठेवायला दिली आणि ती जवळ बाळगून बाळगून तो माणूसच क्रूर झाला. राम चिडत नाही. तू प्रेमाने बोललीस म्हणतो, आणि मी ऋषींना शब्द दिलाय आता तो मोडता येणार नाही असं उत्तर देतो. पटो न पटो, बायको तोंडावर प्रश्न विचारतेय आणि नवरा ऐकून घेऊन कारण देतोय, हे गुंफेच्या बाहेर एका बोर्डावर लिहिलं तरी लाईनमधला वेळ सत्कारणी लागेल.

काळाराम मंदिर, याला मात्र पैकीच्या पैकी. पेशवाईतल्या सरदार ओढेकरांनी बांधलेलं, सगळं काळ्या दगडात, मूर्तीही काळ्या, आणि आवारात शिरलं की बाहेरचा सगळा कलकलाट जरा कमी होतो. दादांनी सगळं सांगितलं, दगड कुठला, कळस केवढा, रामनवमीला गर्दी किती. एक गोष्ट सोडली. २ मार्च १९३० ला याच मंदिराच्या दारात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली दलितांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड सोबत होते, हजारो माणसं आली आणि मंदिराचे दरवाजे बंद करून घेतले गेले, पुढे रामाच्या रथयात्रेच्या दिवशी दगडफेक झाली, आणि हे प्रकरण काही वर्षं चाललं तरी दार उघडलं नाही. मी दादांना विचारलं हे का नाही सांगत, तर म्हणाले "लोकांना नाही आवडत साहेब दर्शनाच्या टायमाला". असेल. पण गुहासारख्या निषादाला मिठी मारणारा, जटायू नावाच्या पक्ष्याचे अंत्यसंस्कार स्वतःच्या हाताने करणारा राम आत, आणि त्याच रामाची भक्ती करू बघणारी माणसं बाहेर उन्हात, हे जर या आवारात उभं राहून सांगायचं नाही तर मग कुठे सांगायचं. मंदिराचा नाही, पण फेरीचा अर्धा स्टार इथेच कापलाय.

मग रामकुंड. इथे सावध. पूजा करायची का, पिंड द्यायचे का, विचारणारे चार जण येतात, नको म्हटलं की जातात पण चिकाटी आहे. रामाने दशरथाचं श्राद्ध इथे केलं अशी श्रद्धा आहे म्हणून लोक लांबून अस्थी घेऊन येतात. पाणी कसं होतं विचारू नका. कपालेश्वराला मात्र जाऊन या, शंकर आहे पण समोर नंदी नाही, का नाही ते दादांकडून ऐका, ही गोष्ट ते रंगवून सांगतात.

आणि घाटावर, जिथे मला काहीच अपेक्षा नव्हती, तिथे दादा एकदम फॉर्मात आले. म्हणाले, "इथं रामानं गोदावरीला विचारलं सीता कुठंय, अन् ती गप बसली, रावणाच्या भ्यानं. देव असून रडला भाऊ तो." हे खरंच तसंच आहे अरण्यकांडात, राम कदंबाला विचारतो, बेलाला विचारतो, नदीला विचारतो, वेड्यासारखा फिरतो, शेवटी हरणं दक्षिणेकडे तोंड करतात तेव्हा कुठे दिशा कळते. पुढचा भाग दादांनी सांगितला नाही पण तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, रामाला इतका राग येतो की तो सगळी सृष्टी जाळायला निघतो आणि धाकटा भाऊ त्याला अडवतो, एकाच्या अपराधासाठी सगळ्यांना मारू नकोस म्हणतो, आणि राम ऐकतो. आपल्याकडे राम म्हणजे कधीच न चुकणारा असं शिकवतात, मग घरात दुःख आलं की आपण रडणं म्हणजे श्रद्धा कमी असं समजतो. युद्धानंतर देव येऊन सांगतात तू नारायण आहेस, तेव्हाही हा म्हणतो मी स्वतःला माणूसच समजतो, दशरथाचा मुलगा. माझी आई बाबा गेल्यापासून घरात कोणासमोर रडली नव्हती, घाटावर ती गोष्ट ऐकून रडली. रिक्षावाल्याला अर्धा स्टार जास्त त्याचा.

तपोवन वेगळे पैसे देऊन केलं आणि बरं झालं केलं. झाडं आहेत, सावली आहे. शूर्पणखेचं नाक कापलं ती जागा म्हणून दाखवतात आणि सगळे हसतात, फोटो काढतात. वाल्मीकींकडे हा प्रसंग हसण्यासारखा नाहीये, राम आणि लक्ष्मण तिची थट्टा करतात, तू याच्याकडे जा, तू त्याच्याकडे जा, ती चिडून सीतेवर धावते आणि मग राम स्वतःच लक्ष्मणाला म्हणतो की क्रूर लोकांशी थट्टा करू नये. म्हणजे चौदा हजारांचं युद्ध आणि सीतेचं हरण, सुरुवात एका थट्टेतून. आणि हो, लक्ष्मणरेषाही इथे दाखवतात. वाल्मीकींच्या अरण्यकांडात ती रेघ नाही, हे मी दादांना सांगितलं नाही, त्यांचा मूड छान होता.

प्रॅक्टिकल गोष्टी. सकाळी लवकर जा, उन्हाळ्यात काळारामाचा दगड दुपारी पायाला चटके देतो, मोजे न्या. सुट्टे पैसे ठेवा. मधे एका दुकानात थांबवतील, रुद्राक्ष आणि तांब्याच्या वस्तू, उतरलं नाही तरी चालतं. तपोवन शेवटी ठेवायला सांगा, तिथे बसता येतं. आणि रथाच्या दिवशी, म्हणजे चैत्रात कामदा एकादशीला, रिक्षाचा विचारच करू नका.