ब्रेकियल प्लेक्ससच्या ऑपरेशननंतर: कोल्हापुरातलं फिजिओथेरपी केंद्र

बाईक घसरली आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा, म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस, तुटल्या. डावा हात नुसता लोंबत होता. सर्जननी बरगड्यांमधल्या नसा घेऊन दंडाच्या स्नायूला जोडल्या आणि पुढच्या व्यायामासाठी या केंद्रात पाठवलं. मी इचलकरंजीहून एसटीने येतो, तरी पाच स्टार देतोय.

इथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी आल्या आल्या खरं ते सांगून टाकलं. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, महिन्याला जेमतेम इंचभर. दंडात काही दिसायलाच अर्धं वर्ष किंवा जास्त जाईल, तोवर सांधे आखडू द्यायचे नाहीत. खांदा निसटू नये म्हणून स्लिंग कशी बांधायची, बधिर हाताजवळ गरम पातेलं का नको, हे त्यांनी माझ्या बायकोलाही समोर बसवून शिकवलं.

दंडाला आता छातीची नस, म्हणून कोपर वाकवायचा तर खोल श्वास घ्यायचा. महिनोन् महिने श्वास घेत राहिलो, हात ढिम्म. मग एकदा खोकला आला आणि बेटकुळी थरथरली. मॅडमनी माझ्या उजव्या हाताची बोटं तिच्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "दादा, परत खोका." मला रडू आवरेना. आता टेबलावर हात आडवा ठेवला की कोपर वाकतो. उचलून अजून नाही.

मनाचं दुखणं इथे वेगळं काढत नाहीत. मी लूमवर जॉबर, म्हणजे माग जुळवणारा-दुरुस्त करणारा, काम सगळं दोन हातांचं. बायकोने शर्टाचं बटण लावलं तरी जीव जळायचा. त्यांनी समुपदेशकांकडे पाठवलं, आणि एका हाताने बटण लावायलाही शिकवलं. रात्री हात आगीत धरल्यासारखा व्हायचा. घरचे म्हणायचे, बधिर हात दुखेल कसा? नस तुटल्यावर असं दुखतंच, ते खरं असतं, हे मॅडमनी घरच्यांना समजावलं आणि औषधासाठी मला डॉक्टरांकडे परत धाडलं. त्या दिवसापासून घरात मला कुणी खोटं ठरवलं नाही.

उणं एवढंच, की स्नायूला करंट द्यायचं मशीन एकच आहे आणि संध्याकाळी गर्दी फार. सकाळी लवकर या, ईएमजीचे (नसा-स्नायूंच्या विद्युत तपासणीचे) जुने रिपोर्ट आणि ऑपरेशनचा कागद सोबत आणा. आणि अपघात नुकताच झाला असेल तर आधी नसांच्या सर्जनला गाठा. नसेविना स्नायू वाळत जातो, पहिले तीन ते सहा महिने फार मोलाचे आहेत.