काटा, टोकन, प्रिंटर: थिन क्लायंटला काय कुठून जोडायचं?

थिन क्लायंट म्हणजे स्वतः प्रोग्राम न चालवता सर्व्हरवरची स्क्रीन दाखवणारा छोटा डबा. त्याचा भाव विचारून झाला की जिनिंगवाला पुढचा प्रश्न टाकतोच, "काटा चालई ना भो?" आणि खरा प्रश्न तोच असतो. मे महिन्यात जळगावचा पारा ४४ च्या आसपास जातो, वर कापसाच्या तुसाने पीसीचे पंखे चोंदतात. त्यामुळे पंखाच नसलेला डबा कुणालाही पटतो. पण प्रोग्राम चालतो ऑफिसातल्या सर्व्हरवर, आणि यूएसबीची वायर असते भुईकाट्याच्या केबिनमध्ये.

काटा, टोकन, प्रिंटर अशी यूएसबीची वस्तू सर्व्हरपर्यंत न्यायचे रस्ते तीन. एक, आरडीपीसारख्या (विंडोज सर्व्हरवर लांबून काम करायची सोय) सेशनमधूनच, म्हणजे सर्व्हरशी चालू असलेल्या जोडणीतूनच, ती पुढे पाठवायची, म्हणजे रिडायरेक्शन. दोन, यूएसबी सर्व्हर नावाचा छोटा डबा लॅनवर बसवायचा. तीन, यूएसबीचा नादच सोडून नेटवर्कवर चालणारी वस्तू घ्यायची.

काट्यासाठी मी पहिलाच रस्ता सांगतो, तोही अर्धाच. इंडिकेटरमधून, म्हणजे वजन दाखवणाऱ्या डब्यातून, आरएस-२३२ ची (जुन्या सीरियल पद्धतीची) नऊ पिनांची वायर निघते. ती यूएसबी कन्व्हर्टर केबलने थिन क्लायंटला लावायची आणि सेशनमध्ये फक्त कॉम पोर्ट (त्या सीरियल वायरचं संगणकातलं दार) पाठवायचा, अख्खी यूएसबी नाही. अख्खी यूएसबी पाठवली तर ड्रायव्हर सर्व्हरवर लागतो आणि लाइन जरा हलली की वस्तू निघाल्यासारखी होते. कॉम पोर्टला वजनाचे चार आकडेच न्यायचे असतात. केबल मात्र चांगल्या चिपची घ्या, आणि ती ज्या भोकात आहे तिथेच राहू द्या. दुसऱ्या भोकात खोचली की पोर्टचा नंबर बदलू शकतो आणि ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना वजन येत नाही.

यूएसबी सर्व्हर कामाचा आहे, पण एका जागी पक्क्या बसलेल्या वस्तूला, उदाहरणार्थ सॉफ्टवेअरच्या लायसन्स डोंगलला, म्हणजे जे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही त्याला. लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, यूएसबी-आयपी (नेटवर्कवरून यूएसबी पाठवायची सोय) २०१४ पासून आहे, म्हणजे जुन्या पीसीचाही असा डबा करता येतो. पण वायफायवर हे चालवू नका. यूएसबीला उत्तर झटपट लागतं, आणि पत्र्याच्या शेडमध्ये वायफाय कसं चालतं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

डिजिटल सिग्नेचरच्या टोकनने (ऑनलाइन सही करायच्या यूएसबीने) माझी एक अख्खी दुपार खाल्ली. एकदा सर्व्हरला लावून बघितलं, एकदा यूएसबी सर्व्हरच्या डब्यातून, पण सेशनमध्ये टोकन दिसायला तयार नाही. कारण साधं: टोकन म्हणजे संगणकाच्या लेखी स्मार्ट कार्डच, आणि आरडीपीच्या सेशनमध्ये स्मार्ट कार्ड बघायचं ते समोरच्या मशीनवरचं, सर्व्हरवरचं नाही. टोकन सही करणाऱ्याच्या थिन क्लायंटलाच लावलं, आरडीपीच्या सेटिंगमध्ये 'स्मार्ट कार्ड'ची खूण केली, ड्रायव्हर सर्व्हरवर टाकला, काम झालं.

प्रिंटरला वाद नको. लॅन पोर्टवाला घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. काट्यावर गाडीचा फोटो हवा असेल तर वेबकॅम नको, आयपी कॅमेरा लावा. वेबकॅमची यूएसबी सेशनमधून ओढली की बाकीच्यांची स्क्रीन रेंगाळते. पेन ड्राइव्ह शक्यतो बंदच.

वायरलेस कीबोर्ड-माउसला यातलं काहीच लागत नाही. त्यांचं डोंगल थिन क्लायंटला लावा. सर्व्हरला फक्त दाबलेली बटणं पोहोचतात. कीबोर्डसारखा चालणारा बारकोड स्कॅनरही तसाच. ब्लूटूथचा असला तर जोडणी थिन क्लायंटशीच करायची. माउस अडखळत असेल तर आधी डोंगल निळ्या भोकात आहे का ते बघा. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्येच येतो. हातभर एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल टेबलावर आणलं की बहुतेक वेळा भागतं.

आणि काट्याची केबिन ऑफिसपासून १०० मीटरच्या पुढे असेल तर साधी लॅन केबल पुरणार नाही, फायबरच टाकावी लागेल. तो खर्च थिन क्लायंटच्या कोटेशनमध्ये सहसा नसतो. आधीच विचारून घ्या.