नवा प्रोसेसर आणि माझी पेटी: आठ महिन्यांनंतर

कॉक्लियर इम्प्लांट म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवलेलं, विजेच्या ठोक्यांनी ऐकवणारं यंत्र. त्याचा बाहेरचा प्रोसेसर, म्हणजे आवाज पकडून आत पाठवणारा भाग, बदलून आठ महिने झाले. पत्रकावर सतार वाजवणाऱ्या बाईंचा फोटो होता, त्याला भुललो. मी मिरजेचा, भजनी मंडळात तीस वर्षं पेटी वाजवली, मग कान गेले. त्यामुळे हा रिव्ह्यू सुराचा आहे. कंपनीचं नाव घेत नाही. माझ्या कानात इलेक्ट्रोड (ठोके देणारे बारीक ठिपके) किती, तेही सांगत नाही, कारण कुणाचे 12, कुणाचे 16, कुणाचे 22. आकडा कळला की कंपनी कळते.

बोलण्याचं आधी उरकतो. फरक आहे. हॉटेलात समोरच्याचं ऐकू येतं, फोन ब्लूटूथनं थेट कानात येतो. तेवढ्यासाठी घ्यायचा असेल तर खुशाल घ्या.

आता सूर. मी पेटीकडे पाठ करून बसतो, सूनबाई एकामागून एक दोन पट्ट्या दाबते, वरचा सूर कुठला ते मी सांगायचं. अशा वीस जोड्या. जुन्या प्रोसेसरवर सा-प ओळखायचो, सा-ग कधी जमायचं कधी नाही, आणि सा-कोमल रे म्हणजे निव्वळ छापा-काटा. नवा लावल्यावर पहिल्या आठवड्यात काय झालं? तेच. लाखांच्या घरात पैसे गेले आणि कोमल रे जिथल्या तिथे!

यात प्रोसेसरचा तसा दोष नाही. ऑपरेशनमध्ये कानातल्या शंखात (आतल्या कानाच्या वळणदार नळीत) सरकवलेली इलेक्ट्रोडची तार तीच आहे. धडधाकट कानात ऐकणाऱ्या आतल्या केसपेशी साडेतीन हजारांच्या आसपास असतात, त्यांचं काम या मोजक्या इलेक्ट्रोडवर आलेलं. शिवाय शंखात द्रव भरलेला, त्यात करंट पसरतो. एक पट्टी दाबली की शेजारच्या चार पट्ट्याही बोलतात, अशी पेटी कल्पून बघा. 1991 साली अमेरिकेत ब्लेक विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रोडना एका वेळी एकच, पाळीपाळीनं ठोके द्यायची पद्धत मांडली आणि इम्प्लांटवर बोलणं खूपच चांगलं कळू लागलं. पण त्यात आवाज लहान-मोठा होण्याचा चढ-उतार तेवढा पुढे जातो, आवाजाच्या लाटेतली बारीक नक्षी गळते. शब्दाला चढ-उतार पुरतो, सुराला नाही. पुढे दोन शेजारी इलेक्ट्रोडमध्ये करंट वाटून मधला सूर काढायची युक्ती आली (एका कंपनीचे असे 120 मधले थांबे आहेत), कुणी खालच्या इलेक्ट्रोडवर लाटेच्या तालातच ठोके देतं. तिथेही मर्यादा आहे: ठोके सेकंदाला तीनशेच्या वर गेले की बहुतेकांना सूर आणखी चढल्याचं जाणवत नाही.

खरा फरक पडला तो पुण्यातल्या मॅपिंगमध्ये, म्हणजे एकेका इलेक्ट्रोडचा आवाज माझ्या कानाला जुळवून घेण्यात. कोयनेनं तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या दोन वाया, कारण तिथल्या मुलानं बीप ऐकवून ‘ठीक आहे ना, काका?’ एवढंच विचारलं. तिसऱ्या वेळी वेगळ्या मॅडम होत्या. मी छोटी पेटी सोबत नेली होती. त्या हसल्या, पण ‘वाजवा’ म्हणाल्या. मग त्यांनी एकेक इलेक्ट्रोड क्रमानं वाजवला. दोन शेजाऱ्यांचा सूर मला एकच वाटत होता, त्यातला एक बंद केला. मधले दोन बाकीच्यांपेक्षा मोठे वाजत होते. इथे माझी चोरी पकडली गेली: जो सूर मोठा, तो मी वरचा समजत होतो! सगळ्यांचा आवाज सारखा करायला पाऊण तास लागला. त्यानंतर सा-रे वेगळे ओळखू यायला लागले.

दुसरी गोष्ट म्युझिक प्रोग्रामची. ऑटोमॅटिक मोडमध्ये आवाज सफाई चालू असते आणि तिला एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा वाटतो. त्यामुळे तानपुरा चार-पाच सेकंदांत विरून जायचा. मिरजेच्या माणसाला हे किती लागलं असेल! म्युझिक प्रोग्राममध्ये ती सफाई बंद आहे, तानपुरा टिकतो. जव्हारी (तारेचा तो झणकार) मात्र येत नाही, नुसती गुणगुण येते. हा प्रोग्राम चालू करून द्यावा लागतो, हे विकणाऱ्यानं मला सांगितलंच नव्हतं.

आणि तिसरी गोष्ट फुकटची. डाव्या कानाला खालचे सूर अजून थोडे ऐकू येतात. इम्प्लांट झाल्यावर तिथलं साधं ऐकायचं मशीन मी कपाटात टाकलं होतं. ते परत लावलं. आमचा काळी एकचा सा म्हणजे सेकंदाला 139 च्या आसपास कंपनं. इतक्या खाली इम्प्लांट चाचपडतो, डावा कान मात्र सूर नेमका धरतो. दोन्ही मिळून ऐकलं की बुवांचा आवाज माणसाचा वाटतो. एकटा इम्प्लांट त्यांना पत्र्याच्या डब्यात घालतो.

ठेक्याबद्दल तक्रार कधीच नव्हती. पखवाज पहिल्या दिवसापासून चोख. गेल्या एकादशीला मी टाळ घेऊन बसलो, पेटी दुसऱ्याकडे दिली.

पाचपैकी गुण: बोलण्याला चार, सुराला दोन. मॅपिंगवाल्या मॅडमना पाच. केवळ संगीतासाठी प्रोसेसर बदलायचा विचार असेल, तर आधी जुन्याचंच मॅपिंग पेटी घेऊन जाऊन करून घ्या आणि दुसऱ्या कानाचं मशीन कपाटातून काढा. सा-कोमल रेच्या वीस जोड्यांत परवा माझे चौदा बरोबर आले. तार सप्तकात घेतल्या तर नऊ.