आयईईईचा लाटेक साचा ओव्हरलीफवर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आयईईई ही अभियंत्यांची जागतिक संस्था; तिच्या परिषदांचे पेपर तिने आखून दिलेल्या साच्यातच लागतात. लाटेक म्हणजे आज्ञा लिहून मजकुराची छापील मांडणी करून घेण्याची प्रणाली, आणि ओव्हरलीफ म्हणजे ती ब्राउझरमध्ये चालवणारी साइट. आठ महिन्यांत चार पेपर या साच्यातून गेले: दोन केळीवरचा करपा फोटोवरून ओळखण्याचे, एक कापसावरचा, एक अहिराणी बोलीच्या ध्वनिमुद्रणांवरचा. निकाल आधीच सांगतो. समीकरणं असतील, संदर्भ पंचवीसच्या वर जाणार असतील आणि मजकूर चार-पाच वेळा फिरणार असेल तर लाटेकच. मार्गदर्शक सरांना वर्डचं ट्रॅक चेंजेसच लागत असेल तर वर्डचा साचा घ्या. तोही आयईईई फुकटच देते. वर्डमध्ये लिहून शेवटच्या आठवड्यात लाटेकमध्ये न्यायचं, हा मात्र आतबट्ट्याचा व्यवहार.

साच्याचं कौतुक एवढंच की तो हट्टी आहे. दोन रकाने, दहा पॉइंटचा मजकूर, तक्त्यांना रोमन आकडे हे सगळं तो स्वतः पाहतो. मथळ्याची जागा मात्र तुम्ही सांभाळायची: तक्त्याचा वर, चित्राचा खाली. कागदाचा आकार सांगितला नाही तर लेटर धरला जातो. परिषदेने ए-फोर मागितला असेल तर पहिल्याच ओळीत तसं लिहा. लेबल, म्हणजे मजकुरातून तक्त्याचा हवाला द्यायची खूण, नेहमी कॅप्शननंतर (मथळ्यानंतर). आधी टाकलं तर ‘तक्ता II’च्या जागी विभागाचा आकडा छापून येतो, आणि तो चुकीचा आहे हे परीक्षकालाच आधी दिसतं. नमुना फाइलच्या शेवटचा लाल अक्षरांतला सूचनेचा मजकूर काढायचा राहून जातो, तोही बघा.

खरा वेळ जातो नावांत. आपल्याकडे दाखल्यावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. हीच ओळ बिबटेकच्या, म्हणजे संदर्भयादीच्या, फाइलमध्ये जशीच्या तशी टाकली की शेवटचा शब्द आडनाव समजला जातो; पाटलांचं ‘पी.’ होतं आणि वडिलांचं नाव आडनाव बनून बसतं. इलाज साधा: आडनाव, स्वल्पविराम, मग बाकीचं. दोन लेखकांच्या मध्ये स्वल्पविराम नाही, इंग्रजी ‘अँड’ लिहायचा. चौधरींचं स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी होतं, तेव्हा पहिल्या पेपरालाच एक ठरवा आणि ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) काढून ठेवा.

दुसरी अडचण खास जळगावकरांची. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ हे नाव तीन लेखक शेजारी-शेजारी असताना मावत नाही, आणि लेखकांच्या चौकटीत लाटेक ओळ आपोआप तोडत नाही. शेजारच्या नावावर चढतं. दोन उलट्या तिरक्या रेघा (बॅकस्लॅश) देऊन हाताने तोडा. नामविस्तार २०१८चा, तेव्हा जुन्या फाइलमधून पत्ता उचलताना नाव तपासा.

लेखांच्या शीर्षकांतली मोठी अक्षरं संदर्भयादीत लहान होतात. जळगाव, सीएनएन (फोटो ओळखणारं न्यूरल नेटवर्क), केळीचं शास्त्रीय नाव ‘मुसा’, सगळं महिरपी कंसात टाका. गूगल स्कॉलरवरून उचललेली नोंद तर कधीच न तपासता वापरू नका.

चित्रं. एका रकान्याची रुंदी साडेतीन इंच, म्हणजे ३०० डीपीआयला १०५० पिक्सेल. रावेर-यावलच्या बागेतून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो दाबलेला असतो; करप्याच्या कडेचा पिवळेपणा नेमका त्यातच मरतो. शेतकऱ्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. उलट, मोबाइलचे मूळ फोटो पाच-पाच एमबीचे तसेच चढवले तर ओव्हरलीफच्या फुकट खात्यात कंपाइल, म्हणजे फाइलची पीडीएफ बनवणं, वेळेत पुरं होत नाही आणि लोक साच्याला शिव्या देतात. आलेख पीडीएफमध्येच काढा. पायथनमध्ये आलेख काढणारं मॅटप्लॉटलिब न सांगता टाइप ३ प्रकारचे फॉन्ट घालतं आणि अनेक परिषदा त्यावरच अडवतात. त्याच्या सेटिंगमध्ये पीडीएफ आणि पीएस (पोस्टस्क्रिप्ट), दोन्हींच्या फॉन्टटाइपला ४२ द्या. आलेख आकाराने साडेतीन इंचच काढा, अक्षरं आठ पॉइंट. मोठा काढून आक्रसला की अक्षांवरचे आकडे मुंगीएवढे.

अहिराणी उदाहरणं देवनागरीत द्यायची असतील तर ओव्हरलीफच्या सेटिंगमध्ये पीडीएफलाटेक सोडून झीलाटेक हा कंपायलर निवडा आणि देवनागरी फॉन्टला स्क्रिप्ट देवनागरी, भाषा मराठी असं स्पष्ट सांगा. स्क्रिप्ट विसरली की ‘राह्यनू’मधलं जोडाक्षर फुटून हलन्त लोंबकळतो. भाषा दिल्यावर, फॉन्टमध्ये सोय असेल तर, मराठी वळणाचे ल आणि श मिळतात. मेख अशी की फॉन्टस्पेक (फॉन्ट निवडायचं पॅकेज) आलं की इंग्रजी मजकूरही टाइम्स सोडून लॅटिन मॉडर्नमध्ये जातो आणि सहा पानांचा पेपर सातव्यावर सांडतो. मुख्य फॉन्ट टेक्स जायर टर्मेस करा. जुनं कृतिदेव किंवा श्रीलिपीतलं लिखाण आधी युनिकोडमध्ये आणा.

पान सांडलं म्हणून समास कापू नका. तपासणीत तो पहिला दिसतो. परिच्छेदाच्या शेवटी एकच शब्द उरलेल्या ओळी शोधून वाक्यं आवळा. दहा-बारा ओळी अशा निघतात.

शेवटची फाइल अ‍ॅक्रोबॅटमध्ये उघडून कंट्रोल-डी, मग फॉन्टचा टॅब. प्रत्येकापुढे ‘एम्बेडेड सबसेट’, म्हणजे फॉन्ट फाइलमध्येच भरलेला, असं हवं. एखाद्यापुढे नसेल तर दोष बहुतेक बाहेरून आणलेल्या आलेखात. लाटेक चित्राच्या आतले फॉन्ट भरत नाही, आलेखच पुन्हा काढावा लागतो. पीडीएफ एक्सप्रेस (आयईईईची पीडीएफ तपासणारी सेवा) वापरणाऱ्या परिषदा स्वतःचा आयडी देतात, तो हाताशी ठेवा.

नावं झाकून परीक्षण असेल तर लेखकांच्या चौकटीबरोबर आभार, अनुदानाचा क्रमांक आणि ‘आमच्या आधीच्या पेपरात’ हे शब्दही काढायचे. हायपररेफ या दुव्यांच्या पॅकेजमध्ये लेखकाचं नाव दिलं असेल तर ते पीडीएफच्या माहितीतही जातं. आणि प्रत्येक बैठकीनंतर सोर्सची झिप उतरवून मिकटेक (नेटशिवाय चालणारा लाटेकचा संच) घातलेल्या लॅपटॉपवर एकदा कंपाइल करून बघा. नेट मुदतीच्याच संध्याकाळी जातं.